मामांनी हलवलेला बेल

माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याकडेच सुकलेली कुंडी घेऊन आलेला असेल. लोक सापाला भितात, कुत्र्याला भितात, बायकोला तर सगळेच भितात. आमचे मामा, म्हणजे सासरे, यातल्या कशालाच भीत नाहीत. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी जन्मभर लोखंड ठोकलं. साप निघाला तर काठीवर घेऊन ओढ्यात सोडून येतील आणि हात धुऊन जेवायला बसतील. पण जास्वंदीचं एक पान पिवळं पडू द्या, की यांच्या तोंडचं पाणी पळालंच! झाडं मरतात, आणि ती आपल्याच हातून मरतात, या भीतीवर हा माणूस सत्तरी ओलांडून अजून ठणठणीत आहे.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. अंगणात मोगरा असा फुलला होता की माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “वा, काय मोगरा आहे!” झालं! मामा खुर्चीतून ताडकन उठले. “ब्याड, ब्याड!” घाबरले की त्यांना मराठी सुचत नाही, थेट कानडीत ‘नको, नको’ सुरू होतं. आत जाऊन मीठ-मोहऱ्या आणल्या, मोगऱ्यावरून ओवाळून टाकल्या आणि मला दम दिला, “पोरीला बघा, चार प्रश्न इचारा, नापसंत बी करा. पर झाडाला चांगलं म्हनू नका. नजर लागती.” पुढचा तासभर मी कशालाच चांगलं म्हणायला धजलो नाही, ना पोह्यांना ना मुलीला. त्यावरून मुलगा गंभीर आणि मितभाषी आहे असं ठरलं आणि लग्न जमलं.

वैशाखात त्यांची भीती उन्हाबरोबर चढत जाते. एका दुपारी मी गेलो तर अंगणात पाच-सहा जणं चादरी पांघरून ओळीनं उभी. जवळ जाऊन बघतो तर कण्हेर, अनंत, डाळिंब वगैरे मंडळी, आणि त्यांच्या अंगावर लग्नाकार्यात आहेर आलेल्या कोऱ्या सोलापुरी चादरी, पाण्यात पिळून घातलेल्या! मामी आतून ओरडत होत्या, “अवो, एक तरी पाव्हण्यांसाठी ठेवा की!” बार्शीला पुतण्याच्या लग्नात तर याहून कहर झाला. मंगलाष्टकं सुरू झाली, मांडवात वारं सुटलं, आणि मामांना आठवलं की घरच्या मधुमालतीची दोरी कच्ची आहे. अक्षता मुठीत तशाच घेऊन, डोक्यावर फेटा तसाच ठेवून, त्यांनी सोलापूरची एसटी धरली. वेल जागच्या जागी होती. म्हटलं, “मामा, बघा, उगाच घाबरलात.” तर म्हणाले, “आज ऱ्हायली. उद्याचं काय?”

या सगळ्या भीतीचं हत्यार म्हणजे त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख. झाड जिवंत आहे की गेलं हे बघायचं तर नखानं साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर खेळ आटोपला. माळी लोक हे एकदा करतात. मामा दिवसातून चारदा करतात. फांदी रोवली की तिला मुळं फुटली का हे बघायला ती उपटायची, आणि फुटलेली दिसली की आनंदानं पुन्हा रोवायची. एक कण्हेर नऊ वेळा उपटून घेऊन शेवटी कंटाळून मेली. तरी गल्लीतले लोक मरायला टेकलेल्या कुंड्या यांच्याकडेच आणत. आणि आश्चर्य म्हणजे ती झाडं जगत! माती बदलणं, सडलेलं मूळ छाटणं, सावली बघणं, यात मामांचा हात धरणारा कोणी नाही. लोकांची झाडं जगत, कारण मामा तपासायला लागायच्या आत लोक ती घरी घेऊन जात.

तर अशा माणसावर बेल हलवायची पाळी आली. त्यांचं भाड्याचं घर मालकाला पाडून नवं बांधायचं होतं. मुलगी एकच, तेव्हा दोघांनी जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या भागात, आमच्याकडे यायचं ठरलं. बाकी झाडं लोकांना वाटून झाली. राहिला बेल. मामींनी तो वळसंगहून, माहेरून रोप आणून लावलेला. शुगरनं त्यांची नजर गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी रोज सकाळी चाचपडत जाऊन, काटे चुकवून, त्या स्वतः तीन पानं तोडायच्या आणि मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या. सोमवारी झाडाला सुट्टी. त्या दिवसाची पानं रविवारीच काढलेली असायची. घर बदलायचं ठरलं तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या, “बेल येत असंल तर म्या येते. आनि तो ऱ्हायला न्हाय, तर माझं बी काय खरं न्हाय बघा.” हे ऐकलं आणि मामा पांढरेफटक पडले.

दोन महिने तयारी चालली. एका महिन्यात झाडाभोवती अर्धी चरी खणली, दुसऱ्यात उरलेली अर्धी, म्हणजे सगळी मुळं एकदम तुटू नयेत. खोडाच्या पूर्वेकडच्या अंगाला चुन्याची रेघ ओढली, कारण नव्या जागीही झाडाचं तोंड तिकडेच पाहिजे. आदल्या दिवशी हळदकुंकू वाहून त्याला सांगितलं, “उद्या हलवनार हाय तुला. भिऊ नगं.” झाड भ्यालेलं काही दिसलं नाही. सांगणारा मात्र रात्रभर बॅटरी घेऊन त्याच्यापाशी बसला होता.

टेम्पोत मागे आम्ही दोघं, आणि मध्ये ओल्या गोणपाटात बांधलेला मातीचा गड्डा. प्रत्येक गतिरोधकाला मामा “ब्याड, ब्याड!” ओरडायचे आणि ड्रायव्हर मागे वळून बघायचा, त्यामुळे पुढचा गतिरोधक त्याला हमखास दिसायचा नाही. अशाच एका आदळण्यात माझ्या हाताखाली गोणपाटाच्या आत माती ढासळली आणि काहीतरी कट्टकन मोडलं. मी मामांकडे बघितलं, ते आभाळाकडे बघत होते. मी गोणपाट आणखी घट्ट धरलं.

आमच्या अंगणात लावल्यावर आठ दिवसांत बेलाचं पान न् पान गळलं. मूळ धरेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही असं सांगून मामांनी मामींना देवळातली पानं आणून द्यायला सुरुवात केली, पण त्यांचं स्वतःचं जेवण सुटलं. दिवसभर खोड खरवडून खरवडून त्यांनी त्याची सोललेली कैरी केली. शेवटी आमच्या हिनं वडलांना खुर्चीत बसवलं, हात धरला आणि ते नख कापून टाकलं. त्यानंतर मामांनी खोडाकडे बघायचंच सोडलं. हिंमतच नव्हती. मला राहवेना. त्यांना बाजूला घेऊन मी कबूल केलं, “मामा, टेम्पोत माझ्या बाजूचं मूळ मोडलं होतं.”

“ठावं हाय,” मामा म्हणाले. “माझ्या बाजूचं त्याच्या बी आधी मोडलं हुतं.” मग म्हणाले, “झाडाचं भ्या न्हाय हो जावईबापू. झाडं काय, लई मेली माझ्या हातनं. हिनं मनाला लावून घेतलं तर? म्या काय करू?”

आमच्याकडे नळाला चार दिवसांतून एकदा, भल्या पहाटे पाणी येतं. ‘आता म्याच तोडते,’ असं मामींनी जाहीर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते भरायला उठलो तर मामा स्टुलावर उभे. शेजारी पाटीत महादेवाच्या देवळामागच्या झाडाची ताजी पानं. वाळक्या फांद्यांना ते एकेक पान दोऱ्यानं बांधत होते. काट्यांनी बोटं रक्ताळली होती. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. जरा वेळानं मामी आल्या, चाचपडून तीन पानं काढली, कपाळाला लावली आणि आत गेल्या. टाकीमागे मामा श्वास कोंडून उभे होते. मी कुजबुजलो, “कळलं तर?” “कळलं तर मेलो आपन.” त्या दिवसापासून माझीही झोप उडाली. मामींची बोटं पानावर थांबली की मी उगाच बादली आपटायचो.

महिना झाला. एका रविवारी मामा बाहेर गेले होते. मामींनी मला हाक मारली. “जावईबापू, ह्यांचा दोरा संपत आला असंल. एक रीळ आनून ठिवा. जरा मऊ बघा, ह्या दोऱ्याची गाठ लवकर सुटत न्हाय.”

“म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?”

“डोळं गेल्यात, बोटं हायत की! पैल्याच दिशी गाठ लागली हाताला.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलू? हाय खाल्ली असती त्यांनी. लई भितात वो ते.” असं म्हणून त्या उठल्या, माझा हात धरून बेलापाशी आल्या आणि माझं बोट खोडाच्या खाली, भिंतीकडच्या अंगाला नेऊन टेकवलं. तिथं काहीतरी कोवळं, ओलसर होतं. फुटवा! तांबूस, बोटाच्या पेराएवढा. “चार दिस झालं,” मामी म्हणाल्या, “ह्याला दोरा न्हाय.”

“मामी, मामांना सांगायला पाहिजे! आत्ताच्या आत्ता!”

“सांगू की. सांगायचंच हाय.” मामी त्या फुटव्यावर हात धरून उभ्या होत्या. “पन येवढ्यात नगं. साऱ्या जन्मात मला कुनी फूल न्हाय आनलं जावईबापू. आनखी चार दिस बांधू द्या त्यांना.”

मी गपचूप चप्पल घातली आणि मऊ दोरा आणायला बाजारात गेलो.