एका पावाचे दोन तुकडे

कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या शनिवारच्या बाजारात एक व्हिएतनामी बाई गाडी लावायच्या. लांबट पाव गरम करून कुरकुरीत करायचा, उभा चिरायचा, आत डुकराच्या मांसाचे काप, व्हिनेगरमधलं गाजर-मुळा, हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर. हा पाव त्यांच्या देशात फ्रेंचांनी आणलेला. तिथल्या लोकांनी फ्रेंचांना हाकललं, पाव ठेवून घेतला आणि त्यात आपलं भरलं. मला तो पहिल्याच घासाला आवडला, त्यात आमच्या घरच्या पत्रकांचाही हात असणार.

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या घरात दलित चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे रचलेले असत. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. एका पत्रकात बाबांनी लिहिलं होतं की माणूस सभेत काय बोलतो ते ऐकू नका, तो कुणाच्या पेल्यातून पाणी पितो ते बघा.

म्हणून मी बघितलं. तो पुण्याचा, कापेलमध्ये आयटीत. मी पार उत्तरेला, ग्रोनिंगनला संशोधन करत होते. मी त्याला भेटायला आले त्या पहिल्या शनिवारी माझ्या हातातला पाव त्याने मागितला. मी म्हटलं, "उष्टा आहे."

"मग?" म्हणाला, आणि जिथे माझे दात लागले होते तिथूनच त्याने घास घेतला.

त्यानंतर वर्षभर मी दर शनिवारी पहिल्या ट्रेनने खाली कापेलला यायचे आणि आम्ही एकच पाव घ्यायचो, दोन तुकडे न करता. बाईंनाही ते माहीत झालं होतं. आम्हाला बघितलं की त्या सुरी बाजूला ठेवायच्या.

मग त्याची आई तीन महिन्यांसाठी आली. आमचं लग्नाचं ठरलंय हे तो तिला सांगणार होता. फोनवर नको, समोरासमोर सांगतो, असं त्यानेच म्हटलं होतं. त्या शनिवारी तो तिला घेऊन बाजारात आला, तेव्हा मला वाटलं, सांगून झालंय.

"आई, ही ग्रोनिंगनला असते. रिसर्च करते. बाजारात भेटते कधीकधी."

कधीकधी. मी त्याच्याकडे बघितलं. तो ट्यूलिपच्या गाडीकडे बघत होता.

काकू वाईट नव्हत्या. माझे हात थंड पडलेत म्हणून त्यांनी स्वतःचे हातमोजे पुढे केले. "घर कुठलं गं तुझं?"

"नागपूर."

"अगं, माझी मावशी धरमपेठेत. तुम्ही कुठे?"

"इंदोऱ्यात."

"अच्छा," त्या म्हणाल्या. पुढे केलेले हातमोजे त्यांच्या हातातच राहिले.

तेवढ्यात बाईंनी नेहमीसारखा एक अख्खा पाव कागदात गुंडाळून पुढे केला. तो घाईने डचमध्ये म्हणाला, "मधून कापून द्या." बाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सुरी शोधायला त्यांना जरा वेळ लागला. दोन्ही तुकडे त्याने माझ्या हातात दिले.

"तू नाही ना रे खात हे असलं?" काकूंनी विचारलं.

"छे गं. तिचंच आहे ते."

मला भांडता येतं. कॉलेजच्या गेटवर मी पोलिसांशी भांडले आहे. पण तिथे मला एकच गोष्ट सुचली. मी एका तुकड्याचा घास घेतला आणि तो तुकडा त्याच्यासमोर धरला.

"घे."

काकू बघत होत्या. बाईही बघत होत्या. त्याने हात वर केला, अगदी थोडा, आणि पुन्हा जॅकेटच्या खिशात घातला.

"जेवून आलोय मी," तो म्हणाला.

काकूंना सगळं कळलं होतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "चल रे, मला गारठा सोसत नाही." जाताना त्याने मागे वळून खुणेने सांगितलं, फोन करतो. त्याने केलाही, पुष्कळदा केला. जरा वेळ दे म्हणाला, आई परत गेली की बोलू म्हणाला. ती गेल्यावर काय बोलायचं होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी मेट्रोच्या फलाटावर उभी राहून दोन्ही तुकडे खाल्ले. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. दुसऱ्या तुकड्याची कड सुरीने सरळ कापलेली होती, तिला कुणाचे दात लागले नव्हते. डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकलायला जवळ कुणी विचारणारंही नव्हतं. पावाची चव मात्र तीच होती, आणि मला सगळ्यात जास्त राग त्या चवीचाच आला.