पुसलेली जागा

काल एका नव्या कॅफेत मुद्दाम पोपडे काढलेली भिंत पाहिली. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. मला शेजारच्या सुमनकाकू आठवल्या.

कॉलेजात असताना मी इंटरनेटवरच्या एका फोरमवर पडीक असायचो. तिथं प्रत्येकाच्या लिखाणाखाली सहीची छोटी चित्रपट्टी असे, आणि तिची पार्श्वभूमी जितकी गंजकी, कळकट, तितकी वाहवा. त्यासाठीच मी कॅमेरा घेऊन काकूंच्या मोरीत शिरलो. ओल, शेवाळ, उडालेला चुना. भिंत अगदी हवी तशी होती.

"थांब रे जरा," म्हणत काकू लगबगीनं ओल्या फडक्यानं ती पुसू लागल्या. "फोटोत बरी दिसायला हवी ना!"

"राहू द्या हो काकू," मी वैतागलो. "मला घाणच हवीय."

त्यांचा हात तिथंच थांबला.

घरी फोटो उघडला, तर मधोमध वीतभर जागा स्वच्छ होती. मी शेजारचे डाग उचलून तिच्यावर चिकटवले, कडा बेमालूम मिसळल्या आणि वर झोकात माझं नाव टाकलं. फोरमवर सगळे विचारत होते, इतकी खरी घाण आणलीस कुठून?

मी ऐटीत लिहिलं होतं, "मीच केलीय."