बारा मिनिटं डोकं हलवायचं नाही

आमच्या प्रोजेक्टच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना आहे, 'इतर निरीक्षणे'. दोन ओळींची जागा. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे फक्त शास्त्रीय लिहायचं हं." मग उरलेलं कुठे लिहू? ते माझ्याकडे साठत गेलं. आता जागाच उरली नाही, म्हणून सांगून टाकते. नावं अर्थातच बदलली आहेत.

प्रोजेक्ट असा: डोपामाइन नावाचं एक रसायन मेंदूला सांगत असतं, 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ!' स्किझोफ्रेनियात मेंदूच्या काही भागांत ते जास्त होतं, व्यसनात त्याची घडी वेगळ्याच तऱ्हेने बिघडते. ते तयार होताना मेंदूत खोलवर एक गडद रंग साठत जातो, तो एमआरआयमध्ये दिसतो. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात आम्ही तेच फोटो काढतो. माझं काम म्हणजे माणसं शोधणं, फॉर्म भरणं आणि मशीनमध्ये बारा मिनिटं त्यांचं डोकं हलू न देणं.

शिवाय एक खासगी काम: घाबरणं. माझ्या सख्ख्या मामाला हाच आजार आहे आणि मला साडेतीन वर्षांची मुलगी आहे, इरा. सरांना मी महिन्यातून एकदा तरी विचारते, "सर, घराण्यात उतरतो का हो हा?" सर शांतपणे सांगतात, "धोका थोडा वाढतो, पण बहुतेकांना काही होत नाही." त्यातलं मला 'बहुतेकांना' एवढंच ऐकू येतं.

*

रावेरकडच्या एका गावात माहिती द्यायला गेलो होतो. पारावर केळीवाले शेतकरी. मी चार्ट टांगला, पेशी दाखवल्या, बाण दाखवले. वीस मिनिटं बोलले. एक आबा पहिल्यापासून डोळे मिटून बसलेले. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"म्हणजे ठिबकसारखंच ना? पाणी कमी पडलं तर झाड सुकतं, जास्त झालं तर मुळं सडतात."

"हो आबा, साधारण तसंच."

"मग एवढा कागद कशाला खराब केला?"

पुढच्या मीटिंगला सरांच्या तिसऱ्या स्लाइडवर ठिबकचा फोटो होता. खाली आबांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं!

*

तुलनेसाठी आम्हाला निर्व्यसनी माणसंही लागतात. खानदेशात तंबाखूला कधीच हात न लावलेलं माणूस शोधून बघा एकदा! अखेर एक अक्का मिळाल्या. दारू? नाही. विडी? नाही. तंबाखू? "शिव शिव!" मी आनंदाने टिक करत सुटले. सहीच्या वेळी बघते तर त्यांचं बोट काळं.

"अक्का, मिश्री लावता का?"

"लावस ना. सकाळे, जेवणवर, दुपारले, चहावर, झोपताना."

"अहो, ती तंबाखूचीच असते! मग व्यसन नाही कसं म्हणालात?"

"ते व्यसन थोडंच शे? दात घासनं शे!"

"दिवसातून पाच वेळा?"

अक्कांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू कितीदा घासस?"

"दोनदा."

"मंग घान कोन शे?"

*

दीपनगरचे एक नाना आले. हयात सगळी वीज केंद्रात गेलेली. मशीन सुरू झालं की आत जो ठोकाठोकीचा आवाज होतो, त्याने भले भले दचकतात, म्हणून मी कानात घालायला बोळे दिले. नाना म्हणाले, "राहू द्या, नकोत." पाचव्या मिनिटाला स्पीकरमधून मशीनपेक्षा मोठा आवाज यायला लागला. नाना घोरत होते! प्रत्येक घोरण्याला हनुवटी वरखाली. फोटो बाद.

"नाना, एवढ्या आवाजात झोप लागली तरी कशी?"

"बाई, मी टर्बाइनजवळ ड्युटी केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून घरच्या शांततेने झोपच लागत नव्हती. पुन्हा यावं लागेल का? उद्या येऊ?"

*

दुसरा बाद फोटो माझा.

मशीनची चाचणी घ्यायची होती, सर म्हणाले, "तुम्हीच झोपा." मी आडवी झाले. पहिल्या मिनिटाला आठवलं, इराच्या डब्यात चमचा ठेवला का? दुसऱ्या मिनिटाला, देवपूरच्या घराचं गॅसचं बटण. तिसऱ्याला, आत्ता माझ्या मेंदूत मामासारखं काही दिसलं तर? त्यानंतरचं आठवत नाही.

आमचे टेक्निशियन नीलेशभाऊ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॅडम, पेशंट हलतात, समजू शकतो. तुम्ही तर आत फुगडी घातली!"

*

इराला एक मित्र आहे, गंपू. तो फक्त तिला दिसतो. इतर आया अशा वेळी कौतुकाने व्हिडिओ काढतात. मी प्रोजेक्टची प्रश्नावली काढली.

"इरा, गंपू तुझ्याशी बोलतो?"

"हो."

"तुला काही करायला सांगतो?"

"हो."

मी पेन सरसावलं. "काय सांगतो?"

"सांगतो, आईला सांग, मला गिलक्याची भाजी नको."

नवरा आतल्या खोलीत जाऊन हसला. दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. "या वयात पुष्कळ मुलांना असे मित्र असतात," सर म्हणाले. पुष्कळ, बहुतेक! सर एकदा तरी 'सगळ्या' म्हणतील तर शपथ.

*

अमळनेरजवळच्या खेड्यातला सुकलाल. वय तिशीचं, त्याला बरीच वर्षं आवाज ऐकू येतात. गोळ्या नियमित घेतो, शेतात राबतो, आवाज थोडे कमी झालेत, पण गेलेले नाहीत. मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी होती. आत बंदिस्त नळी, वर ती ठोकाठोक. मी दहा वेळा बजावलं, "दादा, काहीही ऐकू आलं तरी डोकं हलवू नका."

सुकलाल बारा मिनिटं दगडासारखा पडून राहिला. आमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात स्वच्छ फोटो त्याचा!

बाहेर आला तो हसतच. "ताई, तुमनं मशीन लई भारी शे! ते ठोकाले लागनं आनि मना बठ्ठा आवाज घाबरीसन पळी ग्यात!"

"अरे वा, सगळे पळाले! मग आता?"

"आते दारमा उभा शेत."

*

गेल्या महिन्यात सासूबाई गावाला गेल्या आणि बालवाडीला सुट्टी. इराला हॉस्पिटलात आणावं लागलं. त्याच दिवशी सुकलाल तपासणीला आला. मी फॉर्म शोधत होते आणि इरा खुर्चीखाली वाकून गंपूशी गप्पा मारत होती. मी घाईघाईने म्हणाले, "खेळतेय ती, खेळतेय."

सुकलालने माझ्याकडे बघितलं. मग इराशेजारी उकिडवा बसला.

"तुना दोस्त आठेच शे का?"

"हो. खुर्चीखाली."

"त्याले सांग, गप बस."

"गंपू, गप!"

"बसना का?"

"झोपला पण."

सुकलालने वाकून खुर्चीखाली बघितलं. मग मला म्हणाला, "ताई, घाबरू नको. पोर चांगली शे. इना दोस्त इनं ऐकस. मना मनं कधीच ऐकतस नहीत."

आणि इराकडे डोकं वाकवून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेटा, मना आवाजस्ले बी सांग ना जरा."

इरा खुर्चीवर चढली. त्याचा कान धरला, त्याला तोंड लावलं आणि असं काही ओरडली, की आतून नीलेशभाऊ धावत बाहेर आले.

"गप बसा रे बठ्ठे!"