हळदीत कीबोर्ड वाजवणारी माझी आई

आई आज सकाळी गेली.

कमेंटमध्ये कुणी 'बिचारी' लिहू नका. ज्यांनी ज्यांनी तिला बिचारी म्हणून बघितलं, त्या सगळ्यांना ती पुरून उरली.

माहेर गव्हाणचं. शाळा चौथीपर्यंत. तीस वर्षं पनवेलच्या बाजारात बसून मासळी विकली.

बाबा गेले तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. गुडघ्यांमुळे बाजारही त्याच सुमारास सुटला. मग विचुंब्याच्या घरात नुसती बसून असायची. येणारं जाणारं माणूस सांगायचं, आता देवाचं नाव घे.

तिने कीबोर्ड घेतला.

म्हणजे विकत नाही. माझ्या भावाच्या मुलीचा, पूर्वाचा होता. पोरीने दोन महिन्यांत क्लास सोडला आणि तो कपाटावर पडून राहिला. एका दुपारी आईने तो खाली काढला आणि दिसेल ते बटन दाबलं. ढोलकी सुरू झाली. घाबरून डावीकडची पट्टी दाबली, तर ढोलकीच्या जोडीला सगळी वाद्यं वाजायला लागली.

मला फोन करून म्हणाली, "अगो, याच्यात आख्खी बेंजो पार्टी बसलेली हाय."

मी नवीन पनवेलला राहते. इथे तिच्यासाठी क्लास शोधले. एकाने सांगितलं, आमच्याकडे फक्त लहान मुलांची बॅच आहे. दुसरा नुसता हसला.

खरं सांगते, मलाही हसूच येत होतं.

शेवटी जुन्या पनवेलमध्ये इकबाल सर सापडले. मस्कतच्या हॉटेलात वीस वर्षं कीबोर्ड वाजवून परत आलेला माणूस. आईने आधीच वय सांगितलं. ते म्हणाले, "वय राहू दे आपा. बोटं दाखवा."

तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नव्हती. मासळी कापताना कोयता लागला होता, तेव्हापासून.

सरांनी सोपा मार्ग सुचवला. कीबोर्डमध्ये सेटिंग असतं, एका बोटाने पट्टी दाबली की पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र, वाजतो.

आई नको म्हणाली. "एका बोटानं मासली तरी धरवते काय? बाकीच्या बोटांनी शिकवा."

सरांनी शिकवलं. करंगळी सोडून.

कॉर्डची नावं इंग्रजी अक्षरांत असतात, ती तिला येत नव्हती. बाबा गेल्यापासून टिकल्यांची पाकिटं तशीच पडली होती. तिने एकेका कॉर्डसाठी एकेक रंग ठरवला आणि पट्ट्यांवर टिकल्या चिकटवल्या. हिरव्या, लाल, मरून.

तिच्या वाजवण्यावरून धाकटे काका बोलून गेले. दादाला जाऊन वर्ष झालं नाही, आणि घरातून ढोलकी ऐकू येते, लोक काय म्हणतील.

मीसुद्धा तिला हेडफोन आणून दिला. आज त्याची लाज वाटते.

तिने तो परत केला. म्हणाली, "तीस वर्सं बाजारात वरडून म्हावरा इकला. तवा कुनी मला हलू बोल सांगलं नाय."

पाच वर्षं ती शिकत होती. उजवा हात लवकर बसला. डावा हात कॉर्ड बदलायला उशीर करायचा, आणि मागची वाद्यं काही थांबत नाहीत, ती पुढे निघून जायची. मग आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मग पूर्वाचं लग्न ठरलं.

हळदीच्या दिवशी मांडवात काकांनी आईला सांगितलं, "वयनी, तुमी जरा मागं बसा." सवाष्णींनीच हळद लावायची, विधवेने नाही. पूर्वा म्हणाली, मला आजीच्या हातची हवीय. तिचं कुणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते. मीही काही बोलले नाही.

आई मागे गेली नाही. तिने माझ्या भावाला घरातून कीबोर्ड आणायला लावला आणि मांडवाच्या मध्ये, सगळ्यांसमोर खुर्ची ओढून बसली.

काकांकडे बघून म्हणाली, "हलद लावाला मी चालत नाय. मंग वाजवाला बसते. वाजवाला कुनाची मनाई हाय, सांगा."



तिने हळदीचं गाणं धरलं, तिची आई गव्हाणला म्हणायची ते. दुसऱ्याच ओळीला कॉर्ड चुकला. मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. मान खाली घालून वाजवत राहिली, पुढच्या ओळीला बरोबर जागेवर आली. बायकांनी गाणं उचललं.

आणि पूर्वा पाटावरून उठली. हळदीने माखलेली तशीच आजीजवळ आली आणि आपला गाल आजीच्या गालाला लावला.

आईचे हात कीबोर्डवरच होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गाणं पूर्ण झालं.

काका न जेवता गेले. त्यानंतर आईशी कधी बोलले नाहीत. तिनेही मनधरणी केली नाही.

पुढे विचुंब्यातली माणसं तिला आपल्या हळदीला बोलवायला लागली. तिची एकच अट असायची. घरातली जी कुणी विधवा बाई असेल, ती माझ्या शेजारी, पुढे बसणार. मान्य नसेल तर दुसरा वाजवणारा बघा.

काही लोकांनी खरंच दुसरा बघितला. बाकीच्यांकडे ती गेली. गेल्या वर्षी आजारपणाने अंथरुणाला खिळेपर्यंत जात होती.

आज दुपारी तिला न्यायला निघालो, तेव्हा हळदीत तिच्या शेजारी बसलेल्या बायकांतल्या सात जणी दारात उभ्या होत्या. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. काकांनी त्यांना तसं सांगितलंही.

 त्या चालायला लागल्या. या वेळी मीही गप्प उभी राहिले नाही, त्यांच्या पुढे चालले. भाऊ असूनही अग्नी मी दिला.

आई, नीट जा. इथली काळजी करू नकोस.

तुझ्या लेकीचा मनापासून नमस्कार.