पुढच्या शिडाचा दोर

माझा आवाज मोठा आहे. तीस वर्षं मी एका साखर कारखान्याच्या यार्डात उसाची वाहनं रांगेला लावली. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर ड्रायव्हरनं फुल आवाजात लावलेली गाणी आणि खाली मी. "येऊ दे, येऊ दे, डावं मार, बस्स" हे त्या गाण्यांच्या वर ऐकू गेलं पाहिजे, एवढंच काम. ते मी इतकं मनापासून केलं की अजूनही घरात जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या वहिनी वाटी घेऊन येतील, अशी धास्ती माझ्या बायकोला असते.

निवृत्त झालो आणि होडीचं खूळ डोक्यात शिरलं. शाळेतला एक मित्र नौदलातून निवृत्त होऊन गोव्यात राहतो. त्याचे गुडघे गेले म्हणून त्यानं आपली सोळा फुटी शिडाची होडी मला देऊन टाकली आणि दोन दिवस ठेवून घेऊन शिकवलंही. त्यातलं निम्मं मला समजलं, उरलेल्या निम्म्याला मी मान हलवली. टेम्पोवर घालून घाट चढवून होडी कोल्हापुरात आणली. शहराबाहेर अर्ध्या तासावर एका धरणाचं पाणी पसरलेलं आहे, तिथं ती सोडायची परवानगी मिळवण्यात अख्खा पावसाळा गेला. तोवर ती दारात उभी होती आणि येणारा-जाणारा विचारायचा, मासं धरणार काय.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. नागमोडी वळणं घेत जावं लागतं आणि दर वळणाला पुढचं मोठं शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. त्याला दोन दोर असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. होडीचं नाक वाऱ्यातून फिरू लागलं की ताणलेला दोर सोडायचा, शीड फडफडत पलीकडे जातं, मग दुसरा दोर भराभर ओढून घ्यायचा. शिडात वारा भरायच्या आत ओढला तर तो पोरासोरांनाही ओढता येतो. वारा भरल्यावर मात्र दोराच्या दुसऱ्या टोकाला रेडा बांधल्यासारखं होतं. हे काम दुसऱ्या माणसाचं, कारण पहिला माणूस सुकाणूचा दांडा धरून बसलेला असतो. पहिला माणूस अर्थातच मी.

दुसरा मिळेना. मित्रमंडळी काठापर्यंत आली, चहा पिऊन गेली. शेवटी बायकोला विचारलं. तिनं सांगितलं की तीन रविवार येईन, आवडलं तर पुढं बघू, नाही तर होडीवर ताडपत्री घालायची. मला ते कबूल करावंच लागलं. खरं सांगायचं तर होडीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. गळिताचा हंगाम सुरू झाला की मी घरी फक्त झोपायला यायचो. अशी तीस वर्षं गेली. आता दोघांनी मिळून काहीतरी करावं आणि तिला ते आवडावं, असं आतून वाटत होतं. ही इच्छा मी पाण्यावर ओरडून व्यक्त करत होतो.

यार्डात ज्याचं वळण एका दमात बसतं तो ड्रायव्हर पट्टीचा. होडीही मी तशीच वळवायचो. दांडा पार टोकाला रेटायचा, नजर नाकासमोर ठेवायची आणि "वढ!" म्हणून आरोळी द्यायची. होडी गर्रकन फिरायची, मला अभिमान वाटायचा, आणि बायको सुनेच्या पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट चढवून, दोन्ही पाय कडेला रोवून, वाऱ्यानं टम्म फुगलेल्या शिडाशी झुंजत असायची. तिचं ओढून होईपर्यंत होडी आडवी वाहत मागं यायची. पहिल्या रविवारी तासभर नागमोडी जाऊन आम्ही ज्या बाभळीपासून निघालो होतो त्याच बाभळीपाशी होतो. काठावर म्हैस धूत असलेल्या माणसानं विचारलं, "पावणं, बंद पडली काय?" मी म्हटलं, हिला इंजिनच नाही. त्यानं म्हशीच्या पाठीवर पाणी मारत बराच विचार केला आणि मग ती बंद कशी पडली, असं विचारलं.

परतताना गाडीत मी जोर या विषयावर बोललो. वडगावकडची माणसं दुधातुपावर वाढलेली असतात असं ऐकून होतो, असंही बोलून गेलो. तिचं माहेर पेठ वडगावजवळचं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या आठवड्यात मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तिच्या सात चुका शोधल्या आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. दुसऱ्या रविवारी सातही सुधारल्या तरी होडी बाभळीपाशीच.

तिसऱ्या रविवारी सकाळी ताटात भाकरीऐवजी फोडणीचा भात आला. भाकरी का नाही, असं विचारलं तर तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. बोटांच्या बुडाशी कातडं सोललं होतं. मला फार शरम वाटली. ती लपवायला मी दोराच्या योग्य पकडीबद्दल दोन शब्द सांगितले.

"आज मी दांडा धरतो," ती म्हणाली. "दोर तुमी वढा."

मी तयार झालो. दोर कसा ओढतात हे तिला एकदा दिसेल, हा एक फायदा होताच. काठावर तिला वीस मिनिटं सूचना दिल्या आणि आम्ही निघालो.

पहिलं वळण आलं. मीच आरोळी दिली, जुना दोर सोडला आणि दुसऱ्यावर झेप घेतली. तो हलेना. त्यावर मीच उभा होतो. पाय काढावा तर जॅकेटच्या आत पोट, पोटाखाली गुडघा, आणि चष्मा एका कानावर लोंबकळलेला. आता शीड फुगणार आणि आपली सालं निघणार, हे मला कळून चुकलं. पण शीड फुगलंच नाही. होडी वाऱ्याकडे नाक करून रेंगाळत होती, शीड नुसतं फडफडत होतं. मी पाय काढला, चष्मा नीट केला, दोर ओढला आणि तो आडावरच्या रिकाम्या पोहऱ्यासारखा अलगद आला. मग होडीनं उरलेलं वळण घेतलं आणि शिडात वारा भरला.

"बघितलंस? याला वढणं म्हणत्यात," मी म्हणालो.

दुसऱ्या वळणाला तसंच झालं, तिसऱ्यालाही. बाभूळ कधीच मागं पडली होती. आपल्या दंडांत इतका जोर आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं मला चौथ्या वळणापर्यंत वाटत होतं. पाचव्याला मी दोर ओढता ओढता सहज मागं पाहिलं. ती होडीच्या नाकाकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. माझा दोर पुरता आत आला तेव्हा तिनं होडी पुढं वळू दिली. दांडा तिनं सोललेल्या तळव्यात धरलाच नव्हता, कोपराखाली दाबला होता.

वळताना मधे थांबायचं असतं हे तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

"मला कुठलं येतंय?" ती म्हणाली. "तुमी वढताय ते दिसत हुतं. म्हणून थांबलो."

पुढच्या रविवारी येशील का, हे मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. "आता दोर नीट धरा. मला त्या पल्याडच्या टोकापातूर जायचंय."