उपवास माझा होता

मेंढरांना दुपार माणसाच्या आधी कळते. ऊन चढायला लागलं की चरता चरता कळप आपोआप थांबतो. एक मेंढी दुसरीच्या पोटाखाली डोकं घालते, दुसरी तिसरीच्या, आणि सगळ्या जणी एकमेकींच्या सावलीत धापा टाकत उभ्या राहतात. मग आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, हातातली काठी खाली ठेवतात. "आता काय हालत न्हाईत ह्या," म्हणून बाभळीखाली बसतात आणि खांद्यावरची पाण्याची पिशवी मोकळी करतात. ऊन कलेपर्यंत ते उठत नाहीत. आण्णांनी घड्याळ कधी वापरलं नाही आणि त्यांच्या हातून उन्हानं एकही मेंढरू गेलेलं मला आठवत नाही.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. ही पदवी मी एकटीनं मिळवली, असं मी कधी म्हणत नाही. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी मला पुस्तकं दिली, एसटीच्या कंडक्टरनं कितीदा माझ्यासाठी गाडी थांबवली. आणि पदवीनंतर, घरी स्थळांची बोलणी सुरू झाल्यावर, सर आले.

सर लष्करातून निवृत्त झालेले. तालुक्याच्या गावाबाहेर माळावर त्यांची भरतीची अकॅडमी होती. पत्र्याच्या दोन खोल्या, एक ऑफिस, मुरमाचं मैदान. मी कॉलेजच्या स्पर्धेत पळताना त्यांनी मला पाहिलं होतं. ते मोटारसायकलवरून आमच्या घरी आले, घोंगडीवर बसले, आईच्या हातचा चहा प्याले आणि आण्णांना म्हणाले, "वर्षभर पोरगी माझ्याकडं द्या. खाकीत परत आणून दितो." जाताना त्यांनी मला पळायचे बूट दिले. तोवर मी अनवाणी पळत होते. ते बूट मी पहिली रात्रभर उशाशी ठेवले होते. आजही मला ते बूट म्हटलं की आधी ती संध्याकाळ आठवते, नंतरचं नंतर.

अकॅडमीत आम्ही पंचवीस मुली होतो. सरांचा एक नियम सगळ्यात कडक होता. पळण्याआधी पाणी नाही, पळताना पाणी नाही, पळून झाल्यावर अर्धा तास पाणी नाही.

"पाण्यानं पाय जड हुत्यात," सर सांगायचे. "तहानेची सवय लावायची अंगाला. सहा वर्षं वाळवंटात काढल्यात मी, राजस्थानात. एका बाटलीवर दिवस काढलाय. तुमी कुठं हाय?"

आम्ही मान खाली घालायचो. वाळवंट आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे आण्णांना सांगितलं. ते हसले. "तहानेची सवय लागती व्हय? आगं, सवय लागस्तवर मरतंय की जनावर."

"मेंढरं आन भरती एकच हाय व्हय आण्णा?" मी फटकारलं. "सर मिलिट्रीतलं हायत. त्यांना जास्त कळतंय."

आण्णा उठून मेंढरांकडे गेले. त्या वेळी मला वाटलं, मी जिंकले.

माझ्या खोलीत माझ्या शेजारी झोपणारी मैत्रीण कुंडलकडची होती. घरी बागायती ऊस, वडील लष्करात. उन्हाची सवय व्हावी म्हणून वडिलांनीच तिला आमच्या माळावर पाठवलं होतं. सर तिला रोज टोमणा मारायचे, "उसाच्या सावलीत वाढल्याली ही! हिला मैदानावर मांडव घाला गं कुणीतरी!" मुली हसायच्या. ती पण हसायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळायची. पाण्याचा नियम तिच्याइतका काटेकोर कुणीच पाळला नाही. रात्री मला म्हणायची, "तुमचं बरं हाय गड्या. दुष्काळातच जन्मलाय. तुमाला तहान लागतच न्हाई."

मी नुसती हसायचे. खरं सांगायचं तर मी रोज चोरून पाणी पीत होते. पहाटे न्हाणीत जायचं, दार लावायचं, अंघोळीच्या बॅरलमधून दोन तांबे घटाघटा प्यायचं, ओठ पुसायचे आणि मैदानावर यायचं. आण्णांशी मी भांडले होते, पण त्यांच्याबरोबर लहानपणी घालवलेल्या दुपारी माझ्या अंगातून गेल्या नव्हत्या. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या नजरेत मी चिवट होते आणि मला तसंच राहायचं होतं.

मे महिन्यातली संकष्टी होती. माझा उपवास होता. सकाळी मेसमध्ये सरच म्हणाले होते, "तुझी चतुर्थी ना आज? ताटात भगर घे." त्या दिवशी पहाटेचं पळणं नव्हतं. अकॅडमीच्या जाहिरातीचा व्हिडिओ करायला सांगलीहून एक जण ड्रोन घेऊन सातला येणार होता. तो आला अकराला. मैदानावर उभं राहवत नव्हतं, बुटाच्या तळव्यातून चटका वर येत होता. मी सवयीनं न्हाणीत जाऊन आले, ओढणीही भिजवून घेतली.

सहा फेऱ्या झाल्या. ड्रोनवाला म्हणाला, नीट आलं नाही. परत चार फेऱ्या झाल्या. मग सर म्हणाले, "आता शेवटचं. पुढं उसाची राणी राहू दे. दिसू दे जगाला."

ती पुढे होती. तिसऱ्या फेरीला ती वाकडी पळायला लागली. मैदान सोडून कुंपणाकडे चालली. मी हाक मारली तर वळून माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. "आय, मोटर बंद कर," असं काहीतरी म्हणाली आणि गुडघ्यावर आली.

"बसू दिऊ नका!" सर ओरडले. "दोघी धरा आन चालवा तिला. चालवा!"

दोघींनी तिला उचललं. तिचे पाय मुरमावर घासत होते. मी तिच्या मानेला हात लावला आणि घाबरले. अंग तव्यासारखं तापलं होतं. आण्णांनी एकदा एक मेंढी अशीच वाचवली होती. सावलीत ओढली, पोटावर, मांड्यांच्या खाचेत, कानांवर पाणी ओतत राहिले, आईला पदरानं वारा घालायला लावलं. आणि मी त्या मेंढीच्या तोंडात पाणी घालायला गेले तेव्हा माझा हात झटकला, "शुद्धीत न्हाई ती. ठसका लागून जाईल."

मी त्या मुलींना म्हणाले, "सावलीला घ्या." त्या सरांकडे बघायला लागल्या. मी तिला काखेत धरून एकटीच ओढायला लागले, मग त्यांनी पाय उचलले. सावली एकच होती, ऑफिसच्या भिंतीची. तिथं एक निळं बॅरल भरून ठेवलेलं. मी झाकण काढलं आणि तांब्यानं तिच्या अंगावर पाणी ओतायला सुरुवात केली.

"आगं, कूलरचं पाणी हाय ते!" मागून सर ओरडले.

माझा हात क्षणभर थांबला. तांब्या भरलेला होता. मग मी ओतला. बॅरल रिकामं होईपर्यंत ओतत राहिले. मुली चादरीनं वारा घालत होत्या. ड्रोनवाल्यानंच शेवटी गाडी आणली. तालुक्याला नेलं, तिथून तिला मिरजेला हलवलं.

दुपारी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. कूलर चालू होता, पण पाण्यावाचून नुसती गरम हवा फेकत होता. टेबलावर कोरा कागद होता.

"तुझं अक्षर चांगलंय. पदवीधर हायस. लिही," सर म्हणाले. "सकाळी सहालाच सराव संपला हुता. ती आपल्या मनानं परत पळाय गेली. उपास हुता, तो तिनं सांगितला न्हवता."

"सर, उपवास माझा होता."

"तुझा काय आन तिचा काय. एका खोलीत तर राहता."

मी पेन उचललं नाही.

"ती बरी हुणार हाय," सर मऊ आवाजात म्हणाले. "पण अकॅडमी बंद पडली तर बाकीच्या पोरींनी जायचं कुठं? तू कुठं जाणार? मेंढरामागं?"

मी माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितलं. मग खुर्चीवर बसले आणि लिहिलं. शुद्ध, स्वच्छ अक्षरात, खाली सही करून. उपवासाची ओळ लिहिताना मी सकाळपासून नुसत्या भगरीवर होते.

तिसऱ्या दिवशी मी एसटीनं मिरजेला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचे वडील बसले होते. सुट्टीवर आलेले, करड्या केसांचे, ताठ बसणारे. मी ओळख सांगितली. त्यांनी खिशातून फोन काढून त्यावर माझ्या कागदाचा फोटो दाखवला.

"तुझंच ना हे? बरं केलंस पोरी, लिहिलंस ते. आमचीच बया येडी. उपाशीपोटी उन्हात पळाय कुणी सांगितलं हुतं? शुद्धीवर आलीय, पण किडनीवर ताण आलाय म्हनं. आता घरी नेतो. बास झाली भरती. एखादं चांगलं घर बघतो आन मोकळा हुतो."

ती दोन वर्षं या एका गोष्टीसाठी जगत होती. माझ्या एका पानानं ते संपत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ड्रोन, फेऱ्या, बॅरल, कुणाचा उपवास होता ते. त्यांनी फोन खिशात ठेवला. शेवटी एवढंच विचारलं, "पाणी दित न्हवते?"

"सर म्हणायचे, वाळवंटात तहानेची सवय लावतात."

"वाळवंटात?" ते माझ्याकडे वळले. "मी हुतो की तिकडं. तिथं शिट्टी वाजली की पाणी प्यायचं. तहान असू दे, नसू दे. वरचा माणूस पुढ्यात उभा राहून बाटली रिकामी करून घेतो. न पिणाऱ्याला शिक्षा. तहान लागायची वाट बघणारा माणूस तिथं पडतोच." मग म्हणाले, "किती वर्षं हुते तिकडं तुझे सर?"

"सहा."

"मग त्यांनीबी वाजवली आसंल की शिट्टी."

सरांना माहीत नव्हतं, ते जुन्या समजुतीत वाढले, असं मी तीन दिवस स्वतःला समजावत होते. अडाणीपणा मी माफ केला असता, मी अडाणी घरातूनच आले आहे. पण सरांना माहीत होतं. अकॅडमीत पाण्याचा टँकर दोन दिवसांनी एकदा यायचा, पंचवीस मुलींना पुरेल एवढं पाणी माळावर नव्हतं, आणि ते कबूल करण्याऐवजी त्यांनी आमच्या तहानेला शिस्त हे नाव दिलं. मी ते नाव घरी नेऊन आण्णांच्या तोंडावर फेकलं होतं.

मी तिथंच बाकावर दुसरा कागद लिहिला, त्याच अक्षरात. तिच्या वडिलांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. संध्याकाळी सरांचा फोन आला. "तुला मी काय कमी केलं गं?" एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला. खरंच काही कमी केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाहिरातीचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत आला. ढोल-ताशा वाजतोय आणि सगळ्यांच्या पुढे ती पळतेय.

त्या दिवशी कागद दिल्यावर मी आत तिच्या खाटेपाशी गेले. हाताला सलाईन होतं, ओठ सोललेले. माझ्या आधी आत जाऊन वडिलांनी तिला कागदाचं सांगितलं होतं.

"कागदाचं जाऊ दे," ती म्हणाली. "सरांपुढं मीबी लिहिलं आसतं." मग सलाईनचा हात सांभाळत माझ्याकडे वळली. "पण तू कशी न्हाई पडलीस गं? उपास तर तुझा हुता."

मी खोटं बोलू शकले असते. दुष्काळी भागातल्यांना सवय असते, असं म्हणाले असते तर तिनं मान्य केलं असतं. मी न्हाणीचं सांगितलं. रोजचे दोन तांबे, भिजवलेली ओढणी.

"रोज?"

"रोज."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. "मला हाक मारायचीस की," ती म्हणाली.

वडिलांनी तिला घरी नेलं, पण पळणं बंद केलं नाही. आता ती उजाडायच्या सुमाराला कालव्याच्या कडेनं पळते आणि ऊन तापायच्या आत घरी येते. वडील सुट्टीवर असले की मागून सायकलवर असतात. शिट्टी वाजली की ती थांबते आणि पाणी पिते. हे मला तिनं सांगितलेलं नाही, खोलीतल्या दुसऱ्या मुलीकडून कळलं. तिचा फोन मला येत नाही.