बर्फासाठी चार टायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळत — कारण ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवाल, याचीच मला शंका आहे.

गोष्ट टायरची आहे. ट्रकच्या टायरची. बाबांचा सहाचाकी ट्रक आहे. नरखेडकडची संत्री भरून ते दिल्लीपर्यंत जात. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, त्यांना पहिल्यांदा श्रीनगरचं भाडं मिळालं. आमच्या घरात बर्फ पडताना कुणी पाहिला नव्हता. माझ्याआधी कॉलेजही कुणी पाहिलं नव्हतं. बाबांच्या लेखी या दोन्ही गोष्टींचा काहीतरी संबंध असावा, कारण ते म्हणाले, "तू शिकून राहिली ना वं, मंग तूच पाह्य कोणते टायर लागते ते."

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. दोन दिवस फोनवर वाचत बसले. सगळं इंग्रजीत, सगळं परदेशातल्या गाड्यांबद्दल. टायरच्या खाचा खोल हव्यात आणि रबर थंडीत दगडासारखं होणारं नको, एवढं कळलं. बाकीचं कळल्यासारखं दाखवलं. पण मी सांगायला बसले आहे ते हे नाही. हे सांगायला सोपं आहे.

देवरावकाकांचं टायरचं दुकान भंडारा रोडवर होतं. त्यांची आणि बाबांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. बाबा साधं पंक्चरसुद्धा दुसरीकडे काढत नसत. काकांनी मागच्या चाकांसाठी चार टायर काढून ठेवले होते. वापरलेले, पण खाचा चांगल्या खोल. त्यांचा धाकटा भाऊ मौद्याला राहतो. तिथल्या एका ठेकेदाराने ट्रक मोडीत काढला, त्याचे टायर भावाने काकांना आणून दिले होते.

"सरळ रेघांचे टायर हायवेले ठीक," काका म्हणाले. "बर्फात मागं हेच पाह्यजे. अन् घसरू नये म्हून टायरवरून साखळ्या."

मी विचारलं, हे रबर किती अंशांपर्यंत मऊ राहतं? घर्षणाचंही काहीतरी बोलले. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बर्फ पाह्यला काय वं पोरी कधी? रसवंतीवरचा सोडून?"

दुकानात होते तेवढे सगळे हसले. बाबाही. बाबाच जास्त.

त्या क्षणापासून मला तिथलं सगळं संशयास्पद दिसायला लागलं. न मागता चहा का आला? काकांनी टायर उन्हातून सावलीत का सरकवले? भावाचा फोन आला तर ते बाहेर जाऊन का बोलले? वापरलेला टायर इतका काळाभोर कसा? झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवतात, त्याला रिमोल्ड म्हणतात. त्यात वाईट काही नाही, सांगून विकला तर. पण लपवून विकला, आणि घाटातल्या उतारावर ते रबर सुटलं तर —? चढवलेल्या रबराचा जोड टायरच्या कडेला दिसतो, असं मी वाचलं होतं. काका बाबांना साखळ्या दाखवायला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. मी खाली बसले. चारही टायर फिरवून फिरवून पाहिले. दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल.

जोड नव्हता.

संशय आला, तपासला, खोटा निघाला. इतकं साधं होतं ना? बाबांच्या जिवाच्या भीतीने चूक झाली, असं मला म्हणता आलं असतं तर मी म्हटलं असतं. पण भीती नव्हती. त्या टायरजवळ बसलेली असताना मला वाटली ती — निराशा. जोड सापडायला हवा होता मला.

बाबा परत आले. मी म्हणाले, "बाबा, हे रिमोल्ड होय. जोड दिसून राहिला."

"कुठी?"

कुठल्याही टायरवर साच्याची एक बारीक रेघ असते. मी तिच्यावर बोट ठेवलं. बाबांनी वाकून पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना जवळचं दिसत नाही, आणि चष्मा ट्रकच्या केबिनमध्ये होता. मला ते माहीत होतं. तरी ते म्हणाले, "हो गा, आहे."

मग काकांकडे वळून — "देवराव, मले बर्फात मारून राहिला काय गा?"

काका आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग बसून पाहिलं. "अरे, हे साच्याची रेघ होय, बाप्पा!" बाबा म्हणाले, माही पोरगी काय अडाणी आहे? आम्ही निघालो तेव्हा चहाचे कप तसेच होते.

मी दुसऱ्या दुकानात नवे टायर निवडले. तसेच, खोल खाचांचे. बाबा श्रीनगरला जाऊन सुखरूप परत आले. पण ते सुखरूप आले, म्हणूनच माझं खोटं खरं ठरलं. कळमन्याच्या बाजारात, ढाब्यांवर, जिथे ट्रक उभा राहील तिथे बाबा सांगत सुटले — पोरीनं पकडलं, नाहीतर मेलो असतो. ट्रकवाल्यांच्या तोंडून ही गोष्ट कुठवर गेली असेल? वर्षभरात काकांचं दुकान बंद झालं. आता ते एका पेट्रोल पंपावर हवा भरतात. बाबा अजूनही ती गोष्ट सांगतात, आणि सांगताना कधी कधी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहतात. का पाहतात? त्यांना माहीत असेल का?

या दिवाळीनंतर आमचा ट्रक त्याच पंपावर थांबला. बाबा डिझेलच्या रांगेत होते. काका हातातली नळी खाली ठेवून माझ्यापाशी आले. म्हातारे वाटले. म्हणाले, "ते चार टायर अजून घरीच आहे वं माह्या. इकलेच नाही मी. किती खेपा पाह्यले, मले काही जोड दिसत नाही. पण तू शिकलेली." मग सांगितलं, की त्या दिवसापासून ते भावाशी बोललेले नाहीत. भाऊ शपथा घेतो — टायर अस्सल होते म्हणतो. आता तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या मुलीचं लग्न आहे, आणि पत्रिका द्यायला तो स्वतः येऊन गेला.

"जाऊ की नको, तेच समजून नाही राहिलं," काका म्हणाले. "इमानदारीनं सांग. दिसला होता ना तुले?"

त्यांच्या आवाजात माझ्यावर संशय नव्हता. मी तो शोधला. कुठेच नव्हता.

बाबा दहा पावलांवर होते.

मी म्हणाले, "हो काका. दिसला होता."

काकांनी मान हलवली. "मंग नाही जात," म्हणाले, आणि नळी उचलून पुढच्या गाडीकडे गेले.

लग्न झालं. काका गेले नाहीत.